वनिताताईंचं टोपडं

गेल्या मंगळवारी आमच्या मुर्री गावात माझी चांगलीच जिरली... तीही क्रोशात!

दुपारी तीनला आम्ही सहा-सात जणी माझ्या अंगणात विणायला बसतो. लोकर, सुया, चहा आणि अख्ख्या गल्लीच्या बातम्या. खोटं कशाला बोलू, क्रोशात माझा हात धरणारं इथे कोणी नाही. शाळेतून रिटायर झाले, पण मास्तरकी काही सुटली नाही.

वनिताताई आमच्यात नवीन. शेतातलं काम उरकून यायच्या आणि पंधरा दिवस खपून त्यांनी होणाऱ्या नातवासाठी टोपडं विणलं. आयुष्यातलं पहिलं विणकाम... मोठ्या हौसेने माझ्या हातात दिलं.

मी बघितलं, तर एका बाजूने पार ओढलेलं. "थांबा, सरळ करून देते," म्हणत मी धागा खेचला, सगळं उसवलं आणि तासाभरात नवं विणून त्यांच्या हातात ठेवलं. बाकीच्या वा वा करत होत्या... मीही खूश!

दुसऱ्या दिवसापासून वनिताताई यायच्या बंद. आठवडा गेला, फोनही उचलेनात. शेवटी मंगळवारी मीच विणकामाची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले.

"कायले उसवलं जी मॅडम?" त्यांनी दारातच विचारलं. "वाकडं होतं, मले मालूम हाय. पन माह्या हातचं होतं ना! आता तुमच्या हातचं टोपडं पोरीले माह्या नावानं कशी देऊ?"

बाई गं... इतकं साधं माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. खूप वाईट वाटलं. "चुकलं माझं," म्हटलं आणि पिशवीतून माझा अर्धा झालेला टेबलक्लॉथ त्यांच्यापुढे धरला. "घ्या, आता तुम्ही माझं उसवा."

मला वाटलं, नको नको म्हणतील. छे! त्यांनी निरखून पाहिलं, बोटाने टाके मोजले. "इथं एक खांब सुटला जी तुमचा," म्हणाल्या आणि सर्रकन चार ओळी उसवल्या. माझा जीव कळवळला हो... पण खांब, म्हणजे उभा टाका, खरंच सुटला होता! मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

बुधवारी तीनच्या ठोक्याला वनिताताई हजर. टोपडं पहिल्यापासून विणायला घेतलंय, आणि परत एका बाजूने ओढतंय. हात शिवशिवतात माझे... पण त्यांनी विचारल्याशिवाय बोट लावत नाही.

एवढी वर्षं मी लोकांना शिकवत आले. वनिताताई, तुम्ही रागावलात आणि तरी परत आलात... मनापासून थँक्यू.