इंजिनाला कानफटवणारे मामा

मेस्त्रीमामा रोज सकाळी भीमेवरच्या डिझेल इंजिनाच्या मुस्कटात पान्याची एक ठेवून द्यायचे. आवाज असा, की पार दौंडच्या फलाटावरचे हमाल दचकून उठायचे. मार खाऊन खाऊन इंजिनाचं झाकण गालगुंड झाल्यासारखं दिसायचं.

मी तेव्हा वडगाव रासाईला नदीवरच्या उपसा योजनेचं पाणी सोडायच्या कामावर होतो. मामा दौंडला रेल्वेची इंजिनं ठोकून आमच्याकडं आलेले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांनी कुठल्याच दगडापुढं मान वाकवली नव्हती. खंडेनवमीला गाव इंजिनाला झेंडू वाहायचं; मामा ते ओरबाडून नदीत फेकायचे आणि इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

"मामा, त्यात जीव न्हाई म्हणता, मग शिव्या कुणाला देता?" मी डिवचलं.

"तुला देतो, भाड्या. ते नुसतं मधी हाय."

एकदा पुण्याचा एक साहेब सांगू लागला, की आता विचार करणारं यंत्र निघालंय. मामांनी बिडी विझवली.

"त्याला कुणी हाणलंय का?"

"हाणायचं कशाला?"

"हाणून बघा. डूख धरला तर जीव हाय. न्हाई धरला तर लोखंड."

त्या उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं. ऊस करपायला लागला. चालू करताना हँडल उलटं फिरलं आणि योजनेचे चेअरमन आबा, त्यांच्या पोराचा हात काडीसारखा मोडला. दुसऱ्या दिवशी आबा बोकड आणि कोयता घेऊन हजर. मागं अर्धं गाव.

"मेस्त्री, बाजूला व्हा. त्याला रगत पायजे."

मामा पाना घेऊन इंजिनाच्या खोलीच्या दारात. "दगडाफुडं वाकलो न्हाई, आता लोखंडाफुडं वाकू व्हय?"

मग जी जुंपली! एकाचा खांदा निखळला, मामांचं डोकं फुटलं, मला कुणाची तरी कोपरखळी बसली ती अजून पावसाळ्यात ठणकते. बोकड शहाणा; दावं तोडून भीमेत उडी मारली आणि पोहत दौंड तालुक्यात गेला.

"चालू करून दावा," आबा गरजले, "न्हाईतर बोकडाच्या जागी तुमाला धरतो."

"धरा."

मामांनी डिझेल फवारणारा नोझल काढला, साफ करून बसवला, हँडल मारलं. ते उलटं आलं आणि थेट जबड्यावर. दात लाह्यांसारखे उडाले, चाकावर रक्ताचा सडा पडला. मामा थुंकले आणि डाव्या हातानं परत फिरवलं. इंजिन धडधडलं. पाणी आलं.

आबांनी टोपी काढून हात जोडले. "बघा! रगतच मागत व्हतं!"

मामा बोंबलत होते, नोझलमध्ये कचरा होता म्हणून. पण तुटक्या जबड्यातून नुसते लाल बुडबुडे निघाले. लोकांना वाटलं, अंगात आलं. बायांनी पायावर पाणी घातलं. मामांना एवढा मार कोयत्यानंही बसला नसता.

मामा गेले तेव्हा विजेची मोटर आली होती. खोलीतल्या कोनाड्यात त्यांचा पाना दिसला, शेंदूर फासलेला. माझं टाळकं सरकलं. रॉकेलनं शेंदूर खरवडायला घेतला, तेवढ्यात मोटर बंद पडली.

"कोपलं मेस्त्री!" आबा कुजबुजले.

मी तोच पाना उचलून मोटरीच्या मुस्कटात मारला. मामांची अस्सल शिवीही हाणली. नंतर कळलं, लाइट गेली होती.

तेव्हापासून मोटरीजवळून जाताना मी जरा लांबूनच जातो. तिनं डूख धरला असला तर?