मावशीचा धोंडा

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलात कॅमेऱ्यांची खोली सांभाळते. एकशे चाळीस कॅमेरे, भिंतभर पडदे आणि कोपऱ्यात घरघरणारा सर्व्हर. लोकांना वाटतं, ती दिवसभर डोळ्यांत तेल घालून पडदे बघते. खरं तर तिचा अर्धा जीव डिस्कवरच्या जागेत अडकलेला असतो. चित्रीकरण मोठ्या डिस्कवर साठतं, पण कुठलं चित्र कुठे आहे याची यादी सर्व्हरच्या छोट्या मुख्य डिस्कवर असते. ती डिस्क भरली की यादी उघडत नाही, आणि मग सगळं चित्रीकरण असून नसल्यासारखं. म्हणून मावशी रोज सकाळी जुन्या नोंदी काढून टाकते. घरीही तिचा हाच खाक्या. माझे दोन स्वेटर तिने मला न विचारता देऊन टाकले, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या डिस्कवर तिने एक भलीमोठी फाईल मात्र मुद्दाम ठेवली होती. आत काहीच नाही, नाव ‘धोंडा’. डिस्क तुडुंब भरली तर धोंडा काढायचा, म्हणजे सर्व्हरला श्वास घ्यायला जागा होते. नव्या साहेबांनी नाक मुरडलं. हे काढून टाका म्हणाले, आणि वर प्रत्येक कॅमेऱ्याने बारीकसारीक हालचालही यादीत नोंदवावी असा हुकूम सोडला. मावशीने हुकूम पाळला. धोंड्याचं मात्र फक्त नाव बदललं: ‘साहेबांची महत्त्वाची कागदपत्रं’. मग त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, जन्मभर शिंपीकाम केलेले. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडतो. घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून मावशी त्यांना बरोबर नेते. ते खोलीबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांची शिवण तपासत असतात.

एके दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. मावशी वरच्या मजल्यावरचा एक कॅमेरा पुसून आली, तर बाक रिकामा. हॉस्पिटलला चार फाटकं, चारही रस्त्यावर उघडणारी, आणि काकांना घराचा पत्ता सांगता येत नाही. पडद्यांवर ते कुठेच दिसेनात. मागचं चित्रीकरण काढायला गेली, तर यादी उघडेना. डिस्क भरली होती. साहेबांनी कंपनीला फोन लावला. माणूस दोन तासांनी येणार होता.

“साहेब, तुमची महत्त्वाची कागदपत्रं उडवतेय,” मावशी म्हणाली.

“माझी? कसली?”

“धोंडा आहे तो. मी काढलाच नव्हता.”

“उडवा,” साहेब म्हणाले.

धोंडा गेला आणि यादी उघडली. मावशीने बाकापासून काकांचा माग काढला. जिना, दुसरा मजला, पुन्हा जिना, आणि कपडे वाळत घालायची गच्ची. डिस्कवरची जागाही त्याच गच्चीने खाल्ली होती. दोनशे चादरी वाऱ्यावर फडफडत होत्या आणि तिथला कॅमेरा हुकुमाप्रमाणे एकेक फडफड नोंदवत बसला होता.

चादरींच्या आड काका उलट्या बादलीवर बसले होते. हातात सुई-दोरा, शेजारी शिवून झालेल्या सहा फाटक्या चादरी. धुलाईच्या बाया कौतुकाने बघत होत्या. हे उद्याही येतील ना, असं त्यांनी विचारलं. मावशी तिथेच रडली आणि रडता रडता हसायला लागली. काकांनी मान वर केली.

“तुझी बाही उसवलीय,” ते म्हणाले. “बस इथे.”

ती बसली. मागोमाग धापा टाकत आलेले साहेबही बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः नवा धोंडा ठेवला, पहिल्याच्या दुप्पट. हालचालींच्या नोंदीही बंद करायला सांगितल्या. मावशीने एकशे एकोणचाळीस कॅमेऱ्यांच्या बंद केल्या. गच्चीवरच्या चालूच आहेत. काका आता रोज तिथे शिवत बसतात, आणि काही म्हणजे काही न साठवणारी माझी मावशी त्या नोंदींतली एकही काढत नाही.