फिल्टरवर बांधलेली ओली दस्ती

एकोणीस ऑगस्ट, मंगळवार. हजर: मी, माझे धाकटे दीर, गावातला मिस्त्री आणि शेजारच्या काकू. काकूंना कोणी बोलावलं नव्हतं. छोटा ट्रॅक्टर त्या दिवशी त्यांच्या हळदीत जायचा होता, म्हणून त्या सकाळी सातलाच आमच्या अंगणात येऊन उभ्या होत्या.

छोटा ट्रॅक्टर असं आम्ही म्हणतो. खरं तर ते पेट्रोलवर चालणारं, मागून दांडे धरून चालवायचं यंत्र आहे. आमच्या बायकांच्या गटाचं. ठेवायला जागा आमच्या शेडमध्ये, चालवणार दीर, आणि देखभालीची यादी माझी. यादी मी जाड कागदावर लिहून शेडच्या दाराला लावली होती. आठ तास काम झालं की एअर फिल्टरमधला स्पंज साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळायचा. काम संपलं की पेट्रोलची चावी बंद करायची आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट होत नाही. दिरांच्या प्रत्येक कामापुढे चौकट, चौकटीत खूण. मे महिन्यापासून एकही चौकट रिकामी नव्हती.

आणि यंत्र अंगणातच काळा धूर सोडत बंद पडत होतं.

पाऊस चार दिवस थांबला होता. सोमवारी वापसा आला होता. माती पायाला चिकटत नव्हती आणि ढेकळंही निघत नव्हती. असा वापसा फार तर दोन दिवस टिकतो. बाकी सगळ्यांच्या हळदीला माती लावून झाली होती. चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरवल्या तेव्हा काकूंची शेवटची निघाली. त्यांची वीस गुंठे हळद, तीस वाफे, घरात दुसरं माणूस नाही. गड्डे उघडे पडले होते. माती पडली नाही तर ते हिरवे पडतात, पोसत नाहीत.

मी फिल्टरचं झाकण काढलं. आत स्पंज नव्हता. दिरांची दस्ती होती. ते रोज गळ्यात घालतात तो चौकड्यांचा रुमाल; घडी करून सुतळीनं आवळलेली, मातीनं पापडासारखी कडक झालेली.

दिरांनी काही लपवलं नाही, लाजलेही नाहीत. मे महिन्यात कोरड्या रानात स्पंज सारखा भरायचा, धुता धुता फाटला, मग फेकून दिला. हळद पॉलिश करताना ड्रमजवळ उभं राहायचं तर आम्ही सगळेच नाकातोंडावर ओली दस्ती बांधतो. त्यावरून त्यांना सुचलं.

"वहिनी, दस्ती बांधली की आपल्या छातीत धूळ जात न्हाई. मग मशीनच्या काहून जाईल?"

"आणि या खुणा कोणी केल्या?"

"म्याच. खोटं कुठं हाय? दस्ती धुवूनच राहिलो ना रोज."

मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही. ओल्या कापडातून इंजिनाला श्वास घेता येत नव्हता आणि कापड वाळलं की त्यातून बारीक माती सरळ आत जात होती. तीन महिने. ज्या माणसाला एवढं सुचतं त्याला नवा स्पंज आणायचं सुचत नाही, याचा मला संताप आला, आणि तो मी त्यांना काकूंसमोर, मिस्त्रीसमोर, आवाज न चढवता पुरता ऐकवला.

कार्बोरेटर उघडायचा ठरला. मिस्त्रीला मी बजावलं की जेट पेट्रोलमध्ये भिजवायचा आणि हवा मारायची, आत काही घालायचं नाही. जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा. त्याच्या केसाएवढ्या भोकातून इंजिनाला मोजून पेट्रोल जातं. मी वाटी आणायला घरात गेले. परत येईपर्यंत त्यानं पोती शिवायचा दाभण आरपार घातला होता.

"भोक बंद होतं ताई, खोलून टाकलं. आता बराबर चालंल."

भोक मोठं झालं होतं. यंत्र चालू झालं ते आधीपेक्षा काळा धूर ओकत, आणि प्लग पेट्रोलनं भिजून दोन मिनिटांत बंद पडलं. मिस्त्री म्हणाला, पहिल्यापासूनच इंजिनात दोष असणार. दाभण त्याच्या हातातच होता. मी त्याला विचारलं की सांगितलेलं ऐकू आलं नव्हतं का. तो म्हणाला, सगळ्यांचं असंच करतो. हिंगोलीला फोन केला तर जेट दुकानात नव्हता, मागवावा लागणार होता. चार दिवस.

काकू एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलल्या. "बाई, मंग आज न्हाई का?"

मी उगाच यादीकडे पाहिलं. यादीतली पहिली ओळ, रोज झाकण उघडून बघणे, आणि तिच्यापुढे चौकट नाही, फक्त माझं नाव. तीन महिने मी रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून खुणा वाचल्या होत्या. झाकण मी एकदाही उघडलं नव्हतं. ते एका नटवर असतं, दोन बोटांनी निघतं. दिरांना आणि मिस्त्रीला सुनवायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या दहाव्या हिश्श्यात निघालं असतं.

मी शेडमधून चार कुदळी काढल्या. एक दिरांना दिली, एक मिस्त्रीला. त्यानं दुकान उघडं असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, बंद करून ये. तो आला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मंगळवार अंधार पडेपर्यंत आणि बुधवार दुपारपर्यंत आम्ही चौघं सरीतली माती ओढून वाफ्यावर टाकत होतो. काकू आमच्यापेक्षा हळू, पण एकदाही बसल्या नाहीत. दिरांनी हाताला फोड आल्यावर विचारलं की दस्ती गुंडाळू का, आणि माझ्याकडे बघून पुन्हा कुदळ उचलली. बुधवारी तीनच्या सुमाराला पाऊस आला. एकोणीस वाफे झाले होते.

शनिवारी जेट आला, नवा स्पंज आला. दोन्ही मी स्वतः बसवले. यंत्र आता दोरीच्या एका झटक्यात चालू होतं, धूर नाही. पण रानात चिखल आहे. चाकं गुडघाभर रुततात. पाऊस आल्यापासून आज नववा दिवस. वापसा नाही.

काकूंचे विहिरीकडचे अकरा वाफे अजून उघडे आहेत.