‘प्रॉपर फॅमिली’ हवी होती

अपमान माझ्या आईचा झाला. मागच्या डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारी, सकाळी. ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या घरात, आमच्याच स्वयंपाकघरात. आणि करणारी बाई मराठी होती.

मी टीव्हीचं शिक्षण घेतेय. उन्हाळ्याच्या, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीसाठी हीप्स, ढीगभर ठिकाणी अर्ज टाकले. कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. शेवटी ऑकलंडच्या एका प्रॉडक्शन कंपनीत इंटर्न लागले, ती मेधाताईंमुळे. त्या तिथल्या प्रोड्यूसर, मूळच्या पुण्याच्या. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाल्या, “ही आमची पोरगी हं.” त्या ‘आमची’वर मी भाळले. केबल गुंडाळल्या, कॉफ्या आणल्या, तासन्‌तास मुलाखती टाइप केल्या.

स्थलांतरितांच्या स्वयंपाकघरांवर मालिका होती. मराठी घर हवं होतं. ताई म्हणाल्या, “अगं, तुझंच घेऊ की! आईला सांग, रोज करता तेच करा.”

आई वृद्धाश्रमात काम करते. तिने त्या दिवशीची शिफ्ट बदलून घेतली. भाकरी थापायला घेतली, वांग्यात सुकट टाकली. नागपूरला करायची तशीच. मागच्या भिंतीवर निळ्या कोटातला, हातात संविधान घेतलेला फोटो. कुणाचा, ते सांगायला नको.

ताई आत आल्या. फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहराच बदलला.

“काकू, सुकट? कॅमेऱ्याला वास येत नाही, पण मला येतो हो!” हसल्या. पाहुणीचं मन राखायला आईही हसली.

“आणि तो फोटो जरा काढून ठेवा. पॉलिटिकल वाटतं.”

“फोटो राहू द्या जी,” आई म्हणाली. “कॅमेरा तिकडं फिरवा.”

कॅमेऱ्यावरचा माओरी मुलगा म्हणाला, “मला तर स्वीट अॅज, एकदम मस्त दिसतंय.” ताई त्याच्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “हे लोक टिपिकल मराठी नाहीत. आपल्याला प्रॉपर फॅमिली हवी.”

आईला इंग्रजी कळत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आई दिवसभर इंग्रजीतच म्हाताऱ्यांची दुखणी ऐकते. तिने शेगडी बंद केली. हात पुसले.

मी बोलले. “शूटिंग होणार नाही. सामान उचला.”

“अगं, न्यूझीलंडमध्ये जात कोण मानतं? तूच मध्ये आणतेयस!”

जात हा शब्द तोवर कुणी काढलाच नव्हता.

सोमवारी मी एचआरकडे तक्रार केली. तिथल्या गोऱ्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं, पाणी दिलं. मला वाटलं, चला, इथे तरी न्याय आहे. त्याच आठवड्यात तिने बोलावून सांगितलं, “हा तुमच्या समाजातला विषय दिसतोय. म्हणून आम्ही आमच्या भारतीय सांस्कृतिक सल्लागारांचं मत घेतलं.”

सल्लागार कोण? मेधा!

म्हणजे माझी तक्रार तिच्याच टेबलावर गेली आणि निकालही तिनेच दिला. गैरसमज झाला, मुलगी हळवी आहे, सांभाळून घ्या. प्रॉपर फॅमिली दुसरीकडे सापडली, भाग झकास झाला म्हणे. मला उरलेला उन्हाळा रिसेप्शनवर बसवलं. पुढच्या वर्षी तुला असिस्टंट म्हणून घेईन, असं मेधा आधी म्हणाली होती, तो विषय पुन्हा निघाला नाही.

गोऱ्याने नाकारलं असतं तर त्याच्याशी भांडले असते. इथे जिने दार उघडलं, तिनेच ते आईच्या तोंडावर लावलं, आणि कंपनीने तिलाच पंच नेमलं. हे मी माफ करणार नाही. टीव्हीही सोडणार नाही. कॅमेरा हातात येईल तेव्हा माझ्या शूटमध्ये कुणाच्या घरातलं काहीही लपवायला सांगितलं जाणार नाही.

आता तुम्ही. या देशात मराठी म्हणून ऑफिसात बसलेले तुम्ही. उद्या कामावर गेलात की कंपनीचे भेदभावाचे नियम उघडा. रंग सापडेल, धर्म सापडेल. जात नसेल तर ती घालायची लेखी मागणी करा, स्वतःच्या सहीने. आणि असल्या तक्रारीवर कुणी तुमचं मत विचारलं, तर खुर्चीवरून उठा आणि जिने तक्रार केली तिला तिथे बसवा.