साहेबाची जाळी

जवळ ये गं पोरी, उंबऱ्यात परक्यासारखी काय उभी राहतीस? बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी दौंडला एका साहेबाचं अंगण झाडायचे. मला प्यायला पाणी द्यायचा ते वरून, ओंजळीत. भांडं बाटू नये म्हणून.

त्यानं ओसरीवर काचेच्या पेटीत खारं पाणी करून समुद्राचे रंगीत मासे ठेवले होते. लेकरांसारखे जपायचा. एकदा एका माशावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. साहेबानं भिंग लावून पाहिलं. "हा रोग पाण्यातून पसरतो," म्हणाला, आन् तो मासा वेगळ्या बरणीत ठेवून मोरचुदाचं औषध घातलं. मग बरणीतली घाण ज्या जाळीनं काढली, तीच ओली जाळी मोठ्या पेटीत फिरवली.

"साहेब, जाळी तीच हाय," मी म्हणलं.

"तुला काय कळतं? लांब उभी राहा."

शिवाशीव माणसांपुरती, रोगाला घर मोकळं. आठवड्यात सगळ्या माशांवर ठिपके आले आन् एकेक उलटा तरंगू लागला. साहेब रडवेला झाला. मला म्हणाला, "खरं सांग, पेटीला हात लावलास?"

"न्हाई साहेब," मी म्हणलं, "तुमचाच लागला."

आता निघतीस तर नीघ, पण परत लवकर ये. न्हावऱ्याची यष्टी आपल्या दारापुढंच थांबती.