आपल्याला म्हणजे कोणाला?

आमचे सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी जेवण सोडलं, तेव्हा मी, त्यांचा जुना विद्यार्थी, त्यांना कॉलेज रोडवरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे अक्षरशः ओढत नेलं.

"आपल्याला जगायला कारणच नसतं," सर म्हणाले.

"आपल्याला म्हणजे कोणाला? मला तर आहे," बाई म्हणाल्या.

"अहो, माणसाला!"

"माणूस माझा पेशंट नाही, सर. तुम्ही आहात."

माझं डोकंच फिरलं. मरायला टेकलेल्या माणसाचं व्याकरण कसलं तपासता? मी चळवळीतला माणूस; माझ्या प्रत्येक पत्रकात 'आपण'च असतं. मी भांडायला उठलो, तेवढ्यात सर पुटपुटले, "मला. मला जगावंसं वाटत नाही."

हे त्यांनी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आता बोलता येईल," बाई म्हणाल्या. "गुरुवारी याल?"

सर म्हणाले, "किती वाजता?"