मावशी, काळी खिडकी आणि नको तिथे श्वास

माझ्या मावशीला शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप आहे. खरंच! माझा तिच्यावर भयंकर जीव आहे, पण कॉम्प्युटरसमोर तिच्या शेजारी बसले की कीबोर्ड उचलून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटतो.

मावशी अंधांसाठीच्या ग्रंथालयात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. माझं अर्धं लहानपण तिथल्या रेकॉर्डिंगच्या बंद खोलीच्या काचेबाहेर गेलंय. आत मावशी, कानांवर हेडफोन आणि ओठांवर बोट, म्हणजे मी गप्प उभं राहायचं. मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज राहिला, पण खरखरीत, दोन वाक्यांत दमणारा. वाचन संपलं. दुसऱ्यांनी वाचलेल्या फाइली नीट लावून श्रोत्यांना पाठवायच्या, एवढंच काम उरलं. त्या खोलीत पाय ठेवायला तेवढंच काय ते निमित्त.

आणि तेही जायची वेळ आली. कारण नवीन कॉम्प्युटर! त्यात माउस चालतच नाही, सगळं एका काळ्या खिडकीत कमांड टाइप करून. फाइल बघणं, हलवणं, कॉपी करणं एवढं मावशी शिकली होती. पण प्रकरणांच्या फाइलींना नुसते आकडे होते, आणि यंत्र ते शब्दांसारखे, पहिलं अक्षर बघून लावतं. एकच्या मागे दहा, अकरा, बारा, मग दोन. एक रहस्यकथा तशीच्या तशी गेली. लगेच मास्तरांचा फोन. मास्तर म्हणजे तिचे सगळ्यात जुने श्रोते.

"ताई, पहिल्या प्रकरणात प्रेत सापडलं आणि पुढच्याच प्रकरणात खुनी रडत कबूल करतोय! मधलं गेलं कुठे?"

हे नेमकं ग्रंथालयाच्या सेक्रेटरींनी ऐकलं. "शुक्रवारी माझ्यासमोर सगळी पुस्तकं ओळीत लावून दाखवा. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तुम्ही आता आराम करा."

आराम म्हणे! मावशी त्या दिवशी जेवली नाही.

मग मी बसले शिकवायला. "सोप्पंय गं. एकच्या आधी शून्य लावायचं, म्हणजे दहा आपोआप मागे जातो."

"मग मी एकेक नाव बदलते की हाताने."

"कपाटं भरून पुस्तकं आहेत, मावशी! लूप लिही. एकदा सांगायचं, तो प्रत्येक फाइलला तेच करतो. आणि आधी नाव बदलायचंच नाही, काय बदलणार ते फक्त दाखव म्हणायचं."

"म्हणजे तालीम!" ती खूश. हे तिला एका झटक्यात कळलं. मला वाटलं, झालं!

कसलं झालं! बाईंनी नवं नाव सांगणाऱ्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्हीकडे स्पेस टाकली. यंत्र म्हणालं, अशी कमांडच नाही.

"मावशी, तिथे स्पेस नको."

"चिन्ह आलं की थांबायचं असतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. जन्मभर तेच केलंय. चिन्ह आलं, श्वास घेतला, पुढे. नाहीतर ऐकणाऱ्याला काय कळणार?"

"ऐकणारं कोणी नाहीये! यंत्र आहे ते!"

"मग त्यालाही दम लागत असेल."

मी कपाळावर हात मारला. ती पुन्हा तेच. पुन्हा. शेवटी रुसून तिने सगळ्याच स्पेस काढल्या, तर कमांड आणि फाइलचं नाव एकमेकांना चिकटली. माझा पारा चढला. "जाऊ दे, नाही जमायचं तुला!"

तिने कीबोर्डवरून हात काढले. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "श्वास कुठे घ्यायचा, एवढंच तर येतं गं मला."

 माझा राग तिथेच बसला. "मग असं कर. नवीन शब्द आला की श्वास घे. पण बरोबरच्या चिन्हाला अजिबात नाही. अलीकडचं, चिन्ह, पलीकडचं, सगळं एका दमात."

"असं आधी सांगायचं ना, आगगाडीच्या डब्यांसारखं जोडून!"

शुक्रवारी लेक्चर बुडवून मी काचेबाहेर उभी. आत सेक्रेटरी, घड्याळाकडे डोळे. मावशीने लूप लिहिला, एंटर दाबलं, आणि पुन्हा तीच चूक! सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं. मी बाहेरून हातवारे करतेय, उड्या मारतेय. मावशीने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मग तिने गाल फुगवले. चक्क श्वास रोखून टाइप केलं. चेहरा लाल. एंटर. हुश्श!

पडद्यावर तालीम आली. शून्य एक, शून्य दोन, शून्य तीन, सगळ्यात शेवटी बारा. तिने दोनदा वाचलं, 'फक्त दाखव' म्हणणारा तालमीचा शब्द काढला आणि लूप एकेक करत सगळ्या पुस्तकांवर खरोखर चालवला.

सेक्रेटरी म्हणाले, "बरं. चालू ठेवा." बस! शाबासकीचा एक शब्द फुटेल तर शपथ!

मास्तरांचा फोन आलाच. "ताई, ओळीत आहे हो आता. पण खुनी कळलाय, ऐकू काय?"

"दुसरं पुस्तक पाठवते. पहिल्यापासून ऐका."

आणि आता माझ्या डोक्याला नवीन ताप. कुठलीही कमांड असो, कितीही लांब असो, मावशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाल फुगवून बसते, आणि मी शेजारी बसून ओरडते, "अगं बाई, श्वास घे!"